बसायची जागा

बोईसरच्या एका कारखान्यात नवऱ्याला नोकरी लागली तेव्हा आमचं लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते. मिरजेहून दोन ट्रंका आणि एक गॅसची शेगडी घेऊन आम्ही आलो. कारखान्याच्या जवळच्या खोल्यांना खिडक्या नव्हत्या. शेवटी नवऱ्याच्या पाळीतल्या एकानं घिवलीच्या अलीकडच्या एका गावात वाडी दाखवली. नारळी-पोफळीच्या आत कौलारू घर, आणि मागच्या अंगाला दोन खोल्या.

घरमालकीण ओसरीवर फरशीवरच बसली होती. सत्तरीच्या पुढची, काळीसावळी, उंच. सुती साडीवर खांद्यावरून एक पिवळं-काळं छापील कापड गुंडाळलेलं. माझ्याकडे बघून ती म्हणाली, "ये मामा, बस."

मी मागं वळून बघितलं. मागं कुणी मामा नव्हता.

नवऱ्यानं खोलीबद्दल बोलायला सुरुवात केली तर तिनं हातानंच त्याला थांबवलं. "बोलायचं नंतर. आदी बसा."

आम्ही बसलो. ती काही बोलेना. नारळाच्या झावळ्या एकमेकींवर घासत होत्या, लांबून समुद्राचा आवाज येत होता. त्याच्या आडून किनाऱ्यावरच्या वीजकेंद्राची बारीक घरघर ऐकू येत होती, पुढं माझ्या कानांना तिची इतकी सवय झाली की माहेरी गेल्यावर झोप लागेना. नवरा चुळबुळ करत होता. मी मात्र कधी भिंतीला टेकले, कधी डोळे मिटले, मला कळलंच नाही.

"हिला बसता येतं," ती नवऱ्याला म्हणाली. "ऱ्हावा तुमी."

गावात तिला आफ्रिकाबाय म्हणत. तिचा नवरा फिटर होता आणि टांझानियातल्या एका खेड्यात कापसाच्या जिनिंगमध्ये नोकरीला होता. तरुणपणाची सगळी वर्षं तिनं तिकडं काढली. नवरा गेल्यावर ती परत आली ती आपली बोली जशीच्या तशी घेऊन, आणि मध्ये मध्ये तिकडचे चार-दोन शब्द पेरत. मामा हा त्यातलाच एक. तिकडं कुठल्याही बाईला मानानं मामा म्हणतात. ही इकडं येऊनही सगळ्या बायकांना मामाच म्हणायची. भाजीवालीला मामा, आरोग्य केंद्रातल्या नर्सला मामा, एसटीतल्या कंडक्टरबाईलाही "मामा, बोईसर दे." नवीन माणूस दचकायचा. गावाला मात्र सवय होती.

दुपारी ती उंबऱ्यावर झोपायची. पाय घरात, डोकं ओसरीवर. मला पहिल्यांदा ते बघून धस्स झालं, आमच्याकडं उंबऱ्यावर कुणी बसतसुद्धा नाही. मी तसं म्हटल्यावर ती डोळे न उघडता म्हणाली, "आत कोण आलं, भायेर कोण गेलं, झोपेत कळतं." दुसरी तिची खोड म्हणजे भिंतीला गाल लावून उभं राहायचं. कुणाच्याही घरी गेली की आधी भिंतीला गाल. "भिंत तापली का मंग घरातली माणसं भांडतात," म्हणायची. एकदा आमच्या खोलीच्या भिंतीला गाल लावून तिनं माझ्याकडं असं काही बघितलं की आदल्या दिवशीचं भांडण मी आपण होऊन सांगून टाकलं.

तिकडच्या गोष्टी ती सांगायची त्या कुठूनही सुरू व्हायच्या, स्वप्न जसं मध्येच सुरू होतं तशा. गवती चहाचा काळा चहा पत्र्याच्या मगात ओतता ओतता एकदम म्हणायची, "मंग ती लाल माती. पायाला लागली का आठ-आठ दिवस जात नाय." किंवा, "मंग कापूस फुटला. चांदण्यात सगळं रान पांढरं. मला वाटलं मी घरी हाय, समुद्राला फेस आलाय." त्या सगळ्या गोष्टींत एक घर यायचं. गावातल्या बायकांनी मिळून बांधलेलं. उन्हात वाळवलेल्या विटा, वर गवत. ती नवीन होती, बाजूला उभी राहून बघत होती. तेव्हा रेहेमा नावाच्या एका धिप्पाड बाईनं मातीची टोपली सरळ आणून तिच्या डोक्यावर ठेवली.

"न विचारता?"

"विचारून काय? मला त्यांची भाषा येत नव्हती."

"आणि त्या घरात काय करायचात?"

"बसायचो."

"नुसत्या?"

"नुसतं बसणं सोपं वाटतं काय तुला?"

ते मला पुढच्या हिवाळ्यात कळलं. माझे वडील गेले. फोन आला तेव्हा नवरा पाळीवर होता. मी मिरजेला पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. दिवस-कार्य करून परत आले ती या दोन खोल्यांत, जिथं वडिलांना ओळखणारं एक माणूस नव्हतं. नवरा बिचारा धीर द्यायचा, पण त्यालाही कामावर जावंच लागे. मी दार लोटून पडून राहायची.

ती आली. दार ढकललं, माझ्या बाजूला जमिनीवर बसली. "पोले, मामा," म्हणाली. "पोले." तेवढंच. तिकडं कुणाचं माणूस गेलं, कुणाला ठेच लागली, कुणी दमून आलं, की सगळ्याला हाच शब्द, हे तिनं मला पुष्कळ नंतर सांगितलं. त्या दिवशी ती संध्याकाळपर्यंत बसून राहिली. दुसऱ्या दिवशी परत आली. येताना हिराबाईंना घेऊन आली. हिराबाई बंदरआळीच्या, म्हणजे मासेमारी करणाऱ्या घरातल्या. सकाळी डोक्यावर पाटी घेऊन आमच्या दारावरून जायच्या तेवढीच ओळख. त्यांनीही काही विचारलं नाही. माझा हात त्यांच्या मांडीवर घेतला आणि बसल्या. त्यांच्या हाताला बोंबलाचा वास होता, आणि मला त्या वासानंच पहिल्यांदा रडू फुटलं.

इतक्यात सुमनकाकू दारात आल्या. या वाडीआळीच्या, गावातल्या सगळ्यात मोठ्या बागायतदाराच्या, नानांच्या पत्नी. त्या माझ्यासाठी भात घेऊन आल्या होत्या. आत हिराबाईंना बघून दारातच थबकल्या. एकाच गावातल्या दोघी, पण एकमेकींच्या घरात कधी पाऊल टाकलेलं नाही. डबा उंबऱ्यात ठेवून काकू गेल्या. हिराबाईही उठल्या. "माझ्यामुळे त्या आत येत नाय," म्हणाल्या.

आफ्रिकाबाय त्या डब्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "एवढं मोठं गाव. देवळं हायत, मार्केट हाय. बायांनी एका जागी बसायचं तर जागा नाय."

त्यानंतर काही दिवसांनी तिनं वाडीतला रस्त्याकडचा तुकडा मोकळा केला. तिथं एक उंडीचं मोठं झाड होतं. "इथं घर बांदायचं. सगळ्यांनी, आपल्या हातानं," तिनं जाहीर केलं. तिचा मुलगा वसईला असतो, तो येऊन समजावून गेला. तिनं त्यालाही बसायला सांगितलं.

मनोरकडचा एक गवंडी तिनं बोलावला. त्यानं आखणीसाठी दोरी काढली, तर ती म्हणे, दोरी ठेव. आठवडाभर तिनं नुसतं येईल-जाईल त्याला त्या जागेवर बसवलं. पाटी उतरून ठेव, बस. शाळेतून पोराला आणायला चाललीस, घटकाभर बस. लोक हसत, पण बसत. कुणी झाडाच्या बुंध्याशी, कुणी समुद्राकडं तोंड करून, कुणी पाठ. मग एका संध्याकाळी, ज्या ज्या जागी माणसं आपण होऊन बसली होती, त्यांच्याभोवतीनं तिनं मुठीनं चुन्याची फक्की टाकली.

गवंडी कपाळाला हात लावून उभा राहिला. "आजी, ही भिंत वाकडी येते."

"मानसंच वाकडी बसली. मी काय करू?"

घर उभं राहायला लागलं. बंदरआळीच्या बायका मासळीचं काम उरकलं की दुपारी यायच्या. वाडीआळीच्या सकाळी यायच्या, एकमेकींशी गाठ पडू नये अशा बेतानं. विटा भट्टीवरून आल्या, पण वाळू चाळणं, पाणी आणणं, माल कालवणं, विटा भिजवणं सगळं गावच्या हातानं. मीही जायची. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हाताला घट्टे पडले आणि मला ते सारखे चाचपून बघावेसे वाटत. काम चालू असताना ती मध्येच टाळी वाजवायची, "बसा!" आणि सगळ्यांनी हातातलं टाकून खाली बसायचं. गवंड्यानंही. तो आधी चिडायचा. नंतर नंतर टाळी व्हायच्या आधीच खाली टेकायला लागला.

भिंती खांद्याइतक्या आल्या तेव्हा नाना आले. पांढरा शर्ट, हातात गाडीची किल्ली. सगळीकडं फिरून बघितलं आणि म्हणाले, "बाय, वरचा स्लॅब माझ्याकडून. दारावर आमच्या आबांचं नाव टाका, म्हणजे झालं."

"तुमी या, भाऊ. विटा उचला. मंग बघू."

"मी विटा उचलू?"

"सुमन उचलते की."

नानांना ते माहीत नव्हतं. त्यांचा चेहरा बघून सुमनकाकूंनी हातातलं घमेलं खाली ठेवलं, आणि त्याच पावली त्यांच्या मागून निघून गेल्या. दुसऱ्या दिवशीपासून वाडीआळीतून कुणी आलं नाही. भिंती कशाबशा पुऱ्या झाल्या, वर काही नाही, आणि काम थांबलं.

पण खरं सांगायचं तर ते बिनछपराचे दिवस मला आजही स्वप्नात येतात. आम्ही काही जणी दुपारी तिथं जायचो आणि चोपलेल्या ओल्या जमिनीवर उताण्या पडायचो. ढग एका भिंतीवरून यायचे, दुसऱ्या भिंतीमागं जायचे. उंडीची पानं आत गळायची. मध्येच एखादी घार वर गोल फिरताना दिसायची आणि तिची सावली आमच्या अंगावरून जायची. चुन्याचा वास, वाळत्या मासळीचा वास, कुणाच्या तरी वेणीतल्या अबोलीला तर वासच नाही, तरी मला तो यायचा. कुणी बोलायचं, कुणी बोलता बोलता झोपायचं. हिराबाईंनी मला त्यांच्या भरतीओहोटीची, वाऱ्याची नावं सांगितली. मी त्यांना कृष्णेचा घाट सांगितला. त्या म्हणाल्या, "नदीचं पाणी गोडं, ना? मंग त्यात पोवायला आळणी लागत असंल."

छप्पर कधी होणार, असं आफ्रिकाबायला विचारलं की ती म्हणायची, "पोले पोले," म्हणजे सावकाश. पण त्याच दिवसांत ती स्वतःच जरा जरा भानातून सुटत चालली होती. एकदा तिनं हिराबाईंना हाक मारली, "रेहेमा, पानी दे."

"मी हिरा गो," हिराबाई हसून म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी परत रेहेमा. मग मला कुठल्याशा तिकडच्या नावानं हाक. जिनिंगचा भोंगा झाला का, असं विचारायला लागली. वसईहून मुलगा येऊन डॉक्टरकडं घेऊन गेला. गोळ्या सुरू झाल्या. पण सकाळी आमच्याशी आपल्या बोलीत बोलणारी ती दुपारनंतर तिकडं असायची, लाल मातीत. हिराबाईंनी दुरुस्त करणं सोडून दिलं. "रेहेमा" अशी हाक आली की त्या "आली, बाय" म्हणायच्या.

ही बातमी वाडीआळीत गेलीच असणार. एके सकाळी भर बाजाराच्या रस्त्यानं सुमनकाकू आल्या. डोक्यावर टोपली, टोपलीत जुनी मंगलोरी कौलं. त्यांच्या जुन्या घराची, नवा बंगला बांधल्यापासून परसात रचून ठेवलेली. रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती. काकू घामाघूम झाल्या होत्या. टोपली उतरवायला हिराबाई पुढं झाल्या, आणि काकूंनी त्यांच्या हाताला हात लावून ती उतरवली.

"छप्पर घाला आता," काकू म्हणाल्या. "तिला बघू दे."

दुपारपर्यंत वाडीआळीच्या बायकांची रांग लागली. प्रत्येकीच्या परसात कुठली ना कुठली कौलं पडलेली होती. कुणाची काळी पडलेली, कुणाची शेवाळलेली, कुणाची अजून लाल.

तिसऱ्या दिवशी नाना आले. येतानाच आवाज चढलेला होता. गवंडी आणि गावातली पोरं वाशांवर होती, निम्मं छप्पर झालं होतं. आफ्रिकाबाय झालेल्या छपराच्या सावलीत बसली होती. "भाऊ, बसा," म्हणाली.

"बसायला नाही आलो मी!"

"मंग उबं ऱ्हाऊन भांडा. बसून भांडलात तर दमनार नाय."

नाना काय समजले कुणास ठाऊक, बसले. भिंतीला पाठ टेकली. बोलायला तोंड उघडलं, पण भिंतीतल्या समुद्राकडच्या फटीतून वारा येत होता, तो थेट त्यांच्या मानेवर. एक-दोन वाक्यं बोलले, मग एक लांब श्वास घेतला, आणि बघता बघता मान एका बाजूला कलली. नाना झोपले. घोरायला लागले. आम्ही सगळ्या तोंडाला पदर लावून हसत होतो आणि सुमनकाकू सगळ्यांत जास्त. गवंड्यानं हातोडी हळू चालवली.

जागे झाले तेव्हा ऊन उतरलं होतं. चेहऱ्यावरून हात फिरवत इकडं तिकडं बघत म्हणाले, "वारा बरा येतो इथं."

"येतो ना?" असं म्हणून तिनं बाजूचं एक कौल उचलून त्यांच्या हातात दिलं. नानांनी ते उलटसुलट करून बघितलं. मग उठून शिडीखाली गेले आणि वरच्या पोराला ते दिलं. दारावर नाव कुणाचंच लागलं नाही, आणि त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही.

छप्पर पुरं झालं त्या दिवशी उद्घाटन असं काही ठेवलंच नव्हतं. ती नको म्हणाली होती. तरी दुपारी दोन्ही आळ्यांच्या बायका आपण होऊन जमल्या, कुणी नवी साडी नेसून, कुणी पाटी तशीच दारात ठेवून. मी आणि हिराबाईंनी तिला दोन्हीकडून धरून आणलं. आत आल्यावर ती त्या वाकड्या भिंतीपाशी गेली, तिला गाल लावला आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. मग मधोमध बसली. सगळ्या बायका तिच्याभोवती बसल्या. कौलांमधून उजेडाचे लहान लहान तुकडे खाली पडले होते.

ती आमच्याकडं एकेकीकडं बघत होती. मग हिराबाईंना म्हणाली, "रेहेमा, गो, तिला पुरली का?"



"मला नेलं नाय," ती म्हणाली. "ह्यांनी मला नेलं नाय. ऊन लय हाय म्हनले. तिला नुसतीच ठेवली का कापडात गुंडाळली? माझं कापड दिलं का तिला?"

तिकडं आपली एक तान्ही मुलगी गेल्याचं तिच्या तोंडून आजवर कुणी अवाक्षर ऐकलं नव्हतं. वसईचा मुलगा पुढं मला म्हणाला, आपल्याला एक मोठी बहीण होती हे त्यालाही माहीत नव्हतं. त्या दुपारी आम्हाला एवढंच समजलं की ती आता तिकडच्या घरात बसली आहे, आणि तिच्याभोवती बसलेल्या आम्ही तिच्या लेखी तिकडच्याच बायका आहोत.

हिराबाईंनी तिचे दोन्ही हात हातात घेतले. "तुझ्याच कापडात गुंडाळली, बाय. मी स्वता गुंडाळली."

"थंडी नाय ना वाजणार?"

"नाय गो. नाय वाजणार."

ती रडायला लागली. मोठ्यानं नाही, लहान मूल दमून रडतं तसं. सुमनकाकू सरकत सरकत तिच्या पाठीशी आल्या आणि तिची पाठ आपल्या छातीला टेकवून घेतली. मला एकच शब्द सुचला. "पोले, मामा," मी म्हटलं. माझ्या बाजूची म्हणाली, मग तिच्या बाजूची. शब्द भिंतीभिंतीनं फिरत गेला. दारात नाना उभे होते. त्यांनी चपला काढल्या आणि कोपऱ्यात येऊन बसले.

पुष्कळ वेळानं तिचं रडणं ओसरलं. हिराबाईंनी पदरानं तिचं तोंड पुसलं आणि विचारलं, "नाव काय तिचं?"

ती विचारात पडली. "नाव ठेवायचं ऱ्हायलं. बाराव्या दिसापर्यंत थांबलीच नाय."

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. शेवटी सुमनकाकू म्हणाल्या, "मग आता ठेवू या की."

"आता?"

"आता. आम्ही आहोत ना एवढ्या जणी."

एकेक जण नाव सुचवायला लागली. कुणी आईचं सांगितलं, कुणी आजीचं, कुणी टीव्हीवरच्या मालिकेतलं. ती प्रत्येक नाव ऐकून घ्यायची, जिभेवर घोळवून बघायची आणि मान हलवायची. यमुना म्हटल्यावर थांबली. "यमुना," परत म्हणाली. "चांगलं हाय. गोडं पानी." मग वाद निघाला, आत्या कोण होणार. एकीकडून हिराबाई आणि दुसरीकडून सुमनकाकू वाकल्या, आणि दोघींनी तिच्याच दोन कानांत ते नाव सांगितलं. ती हसली.

"घुगऱ्या नाय केल्या?" तिनं विचारलं.

बारशाच्या घुगऱ्या कुणी आधीपासून भिजवलेल्या असणार? पण नाना उठून चपला घालून निघालेच होते. कुठून तरी भिजवलेले हरभरे मिळवून आणले. बाहेर उंडीखाली तीन दगड मांडून पातेलं चढवलं. हरभरे शिजायला वेळ लागतो. कुणी उठलं नाही. गरम घुगऱ्या हातावर घेऊन फुंकून फुंकून सगळ्यांनी खाल्ल्या, एकाच पातेल्यातून. तिनं दोनदा मागून घेतल्या. मग तिथंच, उजेडाच्या उरल्यासुरल्या तुकड्यांवर, आडवी झाली आणि झोपून गेली.

त्या दिवशी दोन्ही आळ्यांत संध्याकाळच्या चुली उशिरा पेटल्या.